‘आधी ती की झाका’ म्हणणाऱ्या मॅडमना

मॅडम,

आमच्या कामाशी तुमचा काडीचाही संबंध नव्हता. ओळखीतल्या ओळखीतून तुमच्यापर्यंत पोचलो, तोवर ९ दिवस गेले होते. एपीआयचे, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरशी जोडणाऱ्या दुव्यातून येणारे, निकाल थेट आमच्या एस-थ्री बकेटमध्ये, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवरच्या आमच्या साठवणीत, जाऊन पडायला हवे होते. छोट्या फायली पडायच्या, मोठी निघाली की ४०३, परवानगी नाही. ज्यांच्याकडे आधी गेलो त्यांतल्या एकाने ‘डॉक्युमेंटेशन वाचा’ म्हणत तिकीट बंद केलं. दुसऱ्याने तर बकेट पब्लिक करून टाकायला सांगितलं. लोकांची नावं, पत्ते, फोन नंबर असलेली बकेट! तो राग अजून उतरलेला नाही.

तुमच्या कॉलवर मी घाईघाईत स्क्रीन शेअर केली आणि सिक्रेट की, म्हणजे त्या साठवणीत शिरायची गुप्त किल्ली, उघडीच राहिली. तुम्ही नमस्कारही न करता म्हणालात, "थांबा, आधी ती की झाका. मी बघत नाहीये." आणि खरंच, कॅमेऱ्यात तुमची मान भिंतीकडे वळलेली. "झाकली" असं मी म्हणेपर्यंत ती हलली नाही. मग म्हणालात, "मी वाचली नाही, पण माझ्या शब्दावर जाऊ नका. ती रद्द करा. मी थांबते."

९ दिवसांत ‘थांबते’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

पुढचं दुखणं तुम्ही चुटकीसरशी पकडलंत. मोठी फाइल तुकड्यांनी जाते, आणि बकेटला केएमएसचं, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या सेवेचं, कुलूप असेल तर लिहिणाऱ्यालाही डिक्रिप्टची, म्हणजे कुलूप उघडून वाचायची, परवानगी लागते. लिहायला डिक्रिप्ट कशाला, हे मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तुम्ही तितक्याच शांतपणे सांगितलंत, की तुकडे जोडायचे तर आधी ते उघडून वाचावे लागतात. जाता जाता कायमची कीच काढायला लावलीत, तिच्या जागी रोल, म्हणजे तात्पुरती परवानगी देणारी ओळख, लावून घेतलात, आणि त्यालाही त्या एका फोल्डरपुरतीच मुभा.

जाणकार माणसं मला पुष्कळ भेटली आहेत. पण अनोळखी माणसाची चूक बघून न बघितल्यासारखी करणारी, आणि तरी ती निस्तरल्याशिवाय न हलणारी, फार थोडी. तुमच्यासमोर मला एकदाही ओशाळं वाटलं नाही, याचे आभार कसे मानू?

काम झाल्यावर कॉल ठेवता आला असता. तुम्ही ठेवला नाहीत. माझ्याबरोबर लिस्ट रिफ्रेश करत बसलात, आणि पहिली मोठी फाइल दिसली तेव्हा "पडली!" म्हणून माझ्याआधी तुम्हीच ओरडलात.