‘दिवाण’चा ‘दिवाण्या’शी संबंध नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत शब्दांच्या सदरात ‘दीवान’ची जी कथा छापली आहे, ती वाचल्यापासून स्वस्थ बसवेना. इराणचा बादशहा खुस्रो कचेरीत गेला, तिथले कारकून स्वतःशी पुटपुटत हिशेब करताना दिसले, तो ‘दिवाने!’ म्हणाला आणि त्या जागेला दिवाण नाव पडले. कथा जुनी आहे, नाकारत नाही. अकराव्या शतकात मावर्दी या अरबी कायदेपंडिताने ती दिली आहे. इतिहासकार इब्न खल्दूनने १३७७ साली लिहिलेल्या ‘मुकद्दिमा’ या ग्रंथातही ती आहे. पण इब्न खल्दून तिच्या शेजारीच दुसरीही देतो : कारकून सैतानासारखे चलाख, म्हणून ‘दीव’चे अनेकवचन ‘दीवान’. एका शब्दाच्या जन्माच्या दोन कथा एकाच पानावर येतात तेव्हा दोन्ही ऐकीव आहेत हे ओळखायला हवे. आपल्या सदरलेखकांनी पहिली ‘खरी व्युत्पत्ती’ म्हणून दिली आणि दुसरीचे नावही काढले नाही.

दिवाणा म्हणजे ज्याला दीव, म्हणजे पिशाच, लागले तो. पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथातला ‘दएव’ आणि आपला ‘देव’ यांच्या घराण्यातला तो शब्द. दिवाण निघाला ‘दिपि’ या प्राचीन फारसी शब्दातून, अर्थ लेख. इराणच्या दारियस राजाने बेहिस्तूनच्या कड्यावर इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरीस जो लेख कोरवला, त्याला त्या लेखातच ‘दिपि’ म्हटले आहे. त्याच्या मागे पश्चिम आशियातल्या आणखी जुन्या भाषा : एलामी ‘तिप्पि’, अक्कादी ‘तुप्पु’ आणि तळाशी सुमेरी ‘दुब’, म्हणजे मातीची लिहिलेली पाटी. शब्दाच्या शेवटच्या भागाबद्दल विद्वानांत वाद असतील, पण ‘दिपि’ सोडून वेडाकडे जायला त्यात जागा नाही. अशोकाच्या शाहबाजगढीच्या लेखात ‘ध्रमदिपि’, म्हणजे धर्मलेख, आहे आणि इतर बहुतेक ठिकाणी ‘लिपि’. लेखनिकाला फारसीत ‘दबीर’ म्हणतात तोही याच दिपिचा, आणि शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतले डबीर म्हणजे सुमंत कोण होते हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. इतके जवळचे धागे असताना सदरात त्यांतला एकही नसावा?

अरबीने हा शब्द आपलासा केला, त्यावरून ‘दव्वन’ म्हणजे नोंद करणे असे क्रियापदही घडवले. खलिफा उमर यांच्या काळी दिवाण म्हणजे वेतनाची नोंदवही होती. कोणाला किती द्यायचे ते तिच्यात लिहिलेले असे, प्रेषितांच्या काळच्या बद्रच्या लढाईत लढलेल्यांना वर्षाला ५,००० दिरहम. पुढे कवीच्या रचनांच्या संग्रहालाही दिवाण म्हणू लागले, कारण कविता हीच अरबांची नोंदवही, असे ते म्हणत. इ. स. ६९७ च्या सुमारास इराकचा दिवाण, म्हणजे सरकारी हिशेबाचे दप्तर, फारसीतून अरबीत नेण्याचे काम सालिह इब्न अब्दुर्रहमान याने पत्करले, तेव्हा फारसी कारकुनांच्या बाजूने त्याला एक लाख दिरहम देऊ केले होते, ‘मला हे जमत नाही’ एवढेच सांगण्यासाठी. त्याने ते घेतले नाहीत. कचेरीची भाषा बदलली, नाव मात्र फारसीच राहिले. वाचकांना सांगण्यासारखी गोष्ट ही आहे.

मला याचा एवढा राग का, तेही लिहितो. मी नोकरीभर दिवाणी न्यायालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये होतो. आमचे एक ज्येष्ठ कारकून निवृत्त झाले त्या समारंभात प्रमुख पाहुण्यांनी हीच खुस्रोची कथा सांगितली आणि वर म्हणाले, ‘दिवाणी म्हणजे मुळात वेड्यांचाच कारभार!’ सगळे हसले. आमचे ते ज्येष्ठ कारकून मांडीवर शाल आणि नारळ घेऊन खाली बघत बसले. याच माणसाने एका पावसाळ्यात छत गळून भिजलेले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडले होते. एकेक कागद टीपकागदावर उतरवायचा, कडा फाटू नये म्हणून खालून पट्टीने उचलायचा, पंख्याखाली ठेवून कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. शाई फुटली होती तिथे ते भिंग धरून गट नंबर वाचत आणि मी लिहून घेई. वाचतानाही ते स्वतःशी पुटपुटत, हे खरे. पुढे एका म्हातारीला नवऱ्याच्या वाटपाच्या हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल मिळाली ती त्या वाळवलेल्या कागदावरून. तिची जमीन राहिली. अशा माणसाला त्याच्या शेवटच्या दिवशी वेडा म्हटले गेले, आणि ज्या कात्रणाच्या आधारे म्हटले तेही कुठल्याशा वर्तमानपत्राचेच होते. उद्या आपले कालचे सदर असेच कोणीतरी कात्रण करून खिशात ठेवेल.

‘दिवाणी’ला मुलकी दाव्यांचा अर्थ आला तो कसा, हेही सदरात नाही. मोगलांचा दिवाण महसूल पाही. १७६५ मध्ये शाह आलमने बंगाल, बिहार, ओरिसाची दिवाणी कंपनीला दिली आणि १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने दिवाणी आणि फौजदारी अदालती वेगळ्या केल्या. जमीन, वारसा, देणेघेणे दिवाणीकडे गेले. आमच्या न्यायालयाच्या पाटीवर तो शब्द तिथून आला.

आणखी एक. सदरात आरंभापासून शेवटपर्यंत ‘दीवान’ आणि ‘दीवानी न्यायालय’ छापले आहे. हे हिंदी लेखन आहे. मराठीत दिवाण, दिवाणी, दिवाणजी, दिवाणखाना असे शेकडो वर्षे लिहिले जाते. जुन्या कागदपत्रांत ‘दिवाणात’ म्हणजे सरकारात हा प्रयोग जागोजाग सापडतो. फारसी नावांचे उच्चार जसेच्या तसे द्यायचे असतील तर द्यावेत, पण मराठी न्यायालयाचे नाव तरी मराठीत छापावे. गेल्या काही महिन्यांत बातम्यांतही हा ‘न’ दिसू लागला आहे, तेव्हा मुद्रितशोधकांना कृपया कळवावे.

दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच सदरात, त्याच जागी छापावी ही विनंती. पत्र काटछाट करायचेच झाले तर माझी आठवण गाळा, पण दिपिचा परिच्छेद ठेवा.

आपला नम्र,
एक निवृत्त रेकॉर्ड कीपर, वाई