दोन खाटा, एक मशीन

प्रिय वैजू,

पावसाळा निम्मा सरला तरी पत्र नाही, रागावली असशीलच. मी बरी आहे, बीपीची गोळी चालू, आईचे गुडघे तसेच. लिहायचंय ते वेगळंच, डायलिसिस आधी लावायचं की थांबून बघायचं, या आपल्या जुन्या वादाचं.

आयसीयूत शेजारशेजारच्या खाटांवर दोघांच्या किडन्या बसल्यात. एक लावणीच्या चिखलातून आलेला तरणा शेतकरी, लेप्टो, म्हणजे चिखलपाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस. डोळे पिवळेधमक, व्हेंटिलेटरच्या नळीतून रक्त, एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं पांढरी. दुसऱ्या एक आजी, लघवीच्या इन्फेक्शनमधून सेप्सिस, इन्फेक्शन अंगभर भिनलेलं. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन दोघांचं चारच्या वर, लघवी तासाला जेमतेम पंधरा मिली. त्याला मी आल्या रात्रीच डायलिसिस लावलं. आजींना अजून नाही.

बाहेर बाकावर दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या डब्यातलं खातात. काल आजींचा मुलगा हळूच म्हणाला, "मॅडम, आमचं कार्डावर चाललंय म्हणून का?" तो ओरडला असता तर सोपं गेलं असतं गं.

आजींचं पोटॅशियम ४.८, म्हणजे ठीक, छाती साफ, सोनोग्राफीत कुठे अडथळा नाही, प्रेशर टिकवायचं नॉरॲडही कमी करता येतंय. अशांसाठी घाई करून काही मिळत नाही, हे आपल्याला माहीत आहे. २०१६ साली फ्रान्समध्ये ६२० रुग्णांवर पाहिलं, थांबवलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना डायलिसिस लागलंच नाही आणि मृत्यू दोन्हीकडे सारखेच. २०२० मध्ये पंधरा देशांतल्या जवळपास तीन हजार रुग्णांत मृत्यूंचं तेच. उलट ज्यांना लवकर लावलं त्यांच्यातले जास्त जण तीन महिन्यांनंतरही मशीनवरच होते. आजींची किडनी परत येण्याची वाट मी बघतेय, तासातासाला लघवीची पिशवी बघतेय. पण मुलाला दिसतं ते एवढंच, की शेजारी मशीन चालू आहे आणि आईला नाही.

आणि शेतकऱ्याला मात्र मी थांबवलं नाही. साओ पावलोचा २००७ चा तो पेपर तूच मला पाठवला होतास: लेप्टोचे ३३ रुग्ण, उशिरा आणि दिवसाआड डायलिसिस केलेल्यांत ६६.७ टक्के गेले, लगेच आणि रोज केलेल्यांत १६.७. चिठ्ठ्या टाकून वाटलेले गट नव्हते, आकडा लहान, मला सगळं ठाऊक आहे. पण ते पंधरा देशांतले रुग्ण आपल्या भातशेतीतले नव्हते. फुप्फुसात रक्त उतरलेला लेप्टो कसा जातो, ते २००५ च्या पुरानंतर आपण दोघींनी पाहिलंय. त्या वॉर्डाबद्दल आणखी काही लिहीत नाही.

म्हणजे "आधी लावा" हे तुझं म्हणणं एका खाटेवर खरं ठरलं. एवढ्यावर नाचू नकोस. लघवी कमी झाली की तू डोपामिनचा रीनल डोस, किडनी वाचवायला म्हणून दिला जाणारा छोटा डोस, सुरू करायचीस आणि कॅन्टीनमध्ये मी भांडायचे, ते आठव. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडवाल्यांनी ते उपयोगाचं नाही म्हणून २००० सालीच निकालात काढलं होतं. तू अजून कबूल केलेलं नाहीस!

शेतकऱ्याला हेपारिनशिवाय (रक्त गोठू न देणारं ते औषध त्याला नकोच), हळूहळू, रोज आठ तास चालवतेय. रक्त येणं कमी झालंय, प्रेशर अजून डगमगतं. गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात, बांबोळीला हलवा म्हणतात, पण या प्रेशरवर अॅम्ब्युलन्समध्ये घालायची माझी छाती होत नाही.

आजींची रक्तातली युरिया आज १९० आहे. २४० च्या पुढे ताणायचं नाही, हे मी ठरवलंय. त्यापुढे थांबवलेल्यांत फायदा तर नाहीच, धोकाच वाढल्यासारखा दिसला. पण त्याच दिवशी शेतकऱ्याचीही पाळी असेल आणि रात्रीचा टेक्निशियन एकच आहे. तुझ्याकडे दोघांना एकाच मशीनवर कसं बसवता? वेळा सविस्तर कळव, फोनवर नको, लिहून. मला ते सिस्टरांना दाखवायचंय.

मुलाला आज पुन्हा बोलावलंय, पिशवी आणि कागद दोन्ही समोर ठेवून सांगणार आहे.

सईची दहावी कशी चाललीय? नाशिकचं नवं घर लागलं का? अहोंना नमस्कार.

तुझी,
शमा