थीसियस अर्ध्यावर सोडू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या बालपुरवणीतली थीसियसची गोष्ट आमच्या घरी मुलांनी वाचली आणि त्यांच्यामागून मीही. चित्रे झकास आहेत. तक्रार शेवटाबद्दल आहे. क्रीट बेटावरच्या भुलभुलैयात शिरून थीसियस मिनोटॉर या बैलाच्या डोक्याच्या राक्षसाला ठार मारतो, जहाजात बसतो आणि सगळे आनंदाने अथेन्सला परततात, असे आपण छापले आहे. आनंदाने कुठले? क्रीटच्या ज्या राजकन्येने, एरियाड्नीने, दोऱ्याचा गुंडा दिला म्हणून हा पठ्ठ्या जिवंत बाहेर आला, तिला त्याने वाटेत नॅक्सॉस बेटावर झोपेतच टाकले आणि तो चालता झाला. कोणी म्हणते डायोनिसस देवाला ती हवी होती, कोणी म्हणते थीसियसचेच मन दुसरीवर बसले होते. तिथून पुढे, जिवंत परतलो तर पांढरे शीड लावीन, हा बापाला दिलेला शब्द तो साफ विसरला. काळे शीड दिसताच म्हाताऱ्या एजियसने कड्यावरून उडी टाकली. पोरगा राजा झाला तो असा.

मुलांना हे झेपणार नाही, असे संपादनाच्या टेबलावर वाटले असावे. पण आपल्याकडची पोरे धर्मराजाचा द्यूत आणि ‘नरो वा कुंजरो वा’ ऐकतच मोठी होतात. त्यांना नायकाचे पाय मातीचे असतात हे नव्याने कळायचे नाही.

खरे म्हणजे मुलांना सर्वांत आवडला असता तो भाग तर आपण पुरता गाळला. थीसियस वाढला आजोळी, त्रोइझेनला. बापाने एका मोठ्या शिळेखाली तलवार आणि चपला पुरून ठेवल्या होत्या. शिळा उचलता येईल तेव्हा पोराला अथेन्सला पाठव, असे आई एथ्राला सांगून तो निघून गेला होता. पोराने शिळा उचलली. आजोबा म्हणाले, समुद्रमार्गे जा, सुखरूप पोचशील. याच्या डोक्यात मात्र हर्क्युलिसच्या पराक्रमांची हवा शिरलेली. तो मुद्दाम लुटारूंच्या खुष्कीच्या वाटेने निघाला. मेगाराजवळच्या कड्यावर स्किरॉन बसायचा. वाटसरूकडून आधी स्वतःचे पाय धुऊन घ्यायचा आणि तो खाली वाकला, की लाथ घालून समुद्रात ढकलायचा. थीसियसने त्यालाच त्या कड्यावरून फेकून दिले. सिनिस दोन पाइन वाकवून माणसाला मधोमध बांधायचा आणि झाडे सोडून द्यायचा. तो तसाच मेला. पाहुण्याला खाटेच्या मापाचा करण्यासाठी ताणणारा, नाहीतर छाटणारा प्रोक्रस्टिझही त्याच खाटेवर संपला. ज्याचा जो डाव, तो त्याच्यावरच उलटवायचा हा या पोराचा न्याय. एवढ्यावर दोन रविवार सहज भरले असते!

राजा म्हणून त्याचे नाव अथेन्सने घेतले ते अथेन्सभोवतीच्या अॅटिका प्रांतातली विखुरलेली गावे एका कारभाराखाली आणल्याबद्दल. थ्युसिडिडीजसारखा काटेकोर इतिहासकारही हे श्रेय त्यालाच देतो. पण त्यानंतर उतरणच आहे. दुसरी बायको फीड्रा हिच्या खोट्या आरोपावर विश्वास ठेवून त्याने आपल्या मुलाला, हिप्पोलिटसला, शाप दिला आणि पोर हकनाक मेले. उतारवयात पिरिथूस या मित्राच्या नादाने लहानग्या हेलनला (जिच्यापायी पुढे ट्रॉयचे युद्ध झाले तीच) पळवले, मग त्या मित्रासाठी थेट पाताळाच्या राणीलाच आणायला गेला आणि तिथे आसनाला चिकटून बसला. हर्क्युलिसने ओढून काढले म्हणून सुटला. तोवर हेलनच्या भावांनी तिला सोडवून नेताना याच्या आईलाही पकडून नेले होते. होमरच्या ‘इलियड’मध्ये एथ्रा भेटते ती ट्रॉयमध्ये, हेलनच्या मागे चालणारी दासी म्हणून. ज्या बाईने शिळा दाखवली तिच्या वाट्याला हे आले. थीसियसला अथेन्सकरांनी विचारले नाही; तो स्कायरॉस बेटावर गेला आणि तिथल्या राजाने त्याला कड्यावरून लोटले. कडा या माणसाची पाठ सोडत नाही.

यातले काहीही ग्रीकांनी झाकले नाही. हिप्पोलिटसच्या मृत्यूवरचे युरिपिडीझचे नाटक इ.स.पूर्व 428 मध्ये खुद्द अथेन्सच्या उत्सवात झाले आणि पहिले आले. चरित्रकार प्लुटार्कने थीसियसचे चरित्र लिहिले, रोमचा संस्थापक रोम्युलस याच्याशी त्याची तुलना केली आणि शीड विसरल्याबद्दल पितृहत्येच्या आरोपातून हा सुटणे कठीण, असे रोखठोक म्हटले.

आणि तरीही शहराला तो हवाच होता. इ.स.पूर्व 490 मध्ये इराण्यांविरुद्धच्या मॅरेथॉनच्या लढाईत थीसियस आपल्या पुढे धावताना दिसला, असे सैनिक सांगत. पुढे इ.स.पूर्व 475 च्या सुमारास सेनापती किमॉनने स्कायरॉस जिंकले आणि भल्यामोठ्या माणसाची हाडे वाजतगाजत अथेन्सला आणली. ती थीसियसचीच, हे कोण तपासणार? किमॉनचे वजन वाढले हे मात्र खरे. त्या समाधीचा आसरा पुढे पळून आलेल्या गुलामांना आणि गोरगरिबांना मिळू लागला, ही या राजकारणातून निघालेली एक चांगली गोष्ट.

थीसियसच्या जहाजाची तर वेगळी चौकट करता आली असती. अथेन्सकरांनी ते पिढ्यान्‌पिढ्या जपले, कुजलेल्या फळ्या बदलत राहिले आणि हे तेच जहाज की दुसरे, यावर तत्त्वज्ञ भांडत बसले. इ.स.पूर्व 399 मध्ये सॉक्रेटिसची शिक्षा काही दिवस लांबली ती याच जहाजामुळे. ते दरवर्षीप्रमाणे डेलॉस बेटाच्या यात्रेला गेले होते आणि ते परतेपर्यंत शहरात कोणाला देहदंड द्यायचा नाही, असा नियम होता.

पुढच्या रविवारी जेसन आणि सोनेरी लोकर येणार, असे पुरवणीत छापले आहे. कृपया ती गोष्ट लोकर मिळाली की आटोपू नये. जेसनच्या बायकोला, मेडियाला, कोरिंथपर्यंत येऊ द्यावे आणि तिथून अथेन्सलाही. अनोळखी पोरगा म्हणून आलेल्या थीसियसला विषाचा पेला द्यायला लावणारी तीच होती. बापाने तलवार ओळखली म्हणून तो वाचला. जागा कमी पडत असेल तर शब्दकोडे एक आठवडा वगळले तरी चालेल. आमच्या घरातून तक्रार येणार नाही.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा