राण्यांची जोडी पहिल्याच तासात टाकायची?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत पोकरच्या स्पर्धांवर पानभर मजकूर आला. मराठीत पत्त्यांबद्दल लिहायचं म्हणजे एकतर धर्मराजाचं द्यूत काढायचं नाहीतर पोलिसांच्या धाडीची बातमी द्यायची, अशी आपल्याकडची रीत. लेखकानं खेळ म्हणून लिहिलं, हे आवडलं. पण त्यातला एक सल्ला मला पटला नाही. स्पर्धेच्या सुरुवातीला हातातल्या दोन पत्त्यांत मोठी जोडी (राण्या, राजे, एक्के) आली तरी टाकून द्यायला शिका, कारण स्पर्धा टिकून राहणाऱ्याची असते, असं त्यांचं म्हणणं. पुण्याला असलेल्या माझ्या भाच्यानं हे वाक्य फोनमध्ये जपून ठेवलंय. म्हणून हा पत्रप्रपंच.

मी खेळाडू नाही. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या एका जहाजावर बरीच वर्षं पोकरची डीलर होते. फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे, कामाला मुभा आहे. त्यामुळे माझं सगळं शिक्षण परगावच्या लोकांच्या पैशांनी झालं. डीलरला टेबलावर कुणाच्या हाताबद्दल चकार शब्द काढता येत नाही. चुकीचा पत्ता पडला तर बोलायचं, चूक खेळला तर गप्प बसायचं. आता नोकरी सोडली आहे, तेव्हा बोलते.

हा सल्ला पसरतो कसा, ते टेबलाच्या माझ्या बाजूनं चांगलं दिसायचं. टाकलेली पानं उलटी माझ्याकडे सरकवली जातात आणि मी ती मकमध्ये, म्हणजे टाकलेल्या पानांच्या ढिगात, ढकलते. किती राण्या, किती राजे माझ्या बोटांखालून असे गेले असतील, ते मलाही ठाऊक नाही. समोरच्यानं सगळे पैसे लावले आणि तुम्ही पानं टाकलीत, तर त्याला स्वतःची पानं दाखवायची सक्ती नसते. मग 'मी राण्या टाकल्या आणि वाचलो' ही गोष्ट बारमध्ये रंगवून सांगणाऱ्याला तरी कशावरून कळलं की तो वाचला? समोर एक्क्यांची जोडी होती की गुलामांची, हे त्या ढिगात मिसळून गेलं.

काही जण मात्र टाकताना पानं उघडी करून दाखवतात. मुंबईचे एक मध्यमवयीन गृहस्थ डोळ्यांसमोर आहेत. पहिलीच लेव्हल, म्हणजे सक्तीच्या पैजा वाढत जातात त्यातला पहिलाच टप्पा, चालू होती. एका तरुण पोरानं त्यांच्या रेझवर, म्हणजे त्यांनी वाढवलेल्या पैजेवर, तिप्पट रेझ केला. या गृहस्थांनी बराच वेळ विचार केला, इस्पिक आणि बदामची राणी सगळ्यांना दिसेल अशी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "ही शिस्त." टेबलानं वाहवा केली. पुढच्या फेरीपासून त्या टेबलावरचा प्रत्येक पोरगा त्यांच्यावर रेझ करायला लागला. ज्या माणसाकडून एका रेझला राण्या टाकून घेता येतात, त्याच्याकडे दश्शीची जोडी किंवा एक्का-राणी असेल तर तो काय करणार, हे सगळ्यांना फुकटात कळलं होतं. साहेब हळूहळू झिजत गेले आणि शेवटी राजा-नव्वीवर ऑल-इन होऊन, म्हणजे उरलेल्या सगळ्या चिप्स लावून, उठले.

आता मुद्द्यावर येते. मोठा हात टाकायची दोन कारणं असतात आणि लेखात ती एकात एक कालवली आहेत. पहिलं, समोरच्याच्या पैजेवरून मी मागे आहे असं दिसतंय. दुसरं, मी पुढे असेन, पण इतक्या लवकर बाहेर जायला नको. पहिल्या कारणानं राण्याच काय, राजेही टाकता येतात. दुसऱ्याला हिशेब लावून बघावा लागतो.

पहिल्याचं उदाहरण. तुमच्याजवळ ब्लाइंडच्या (आळीपाळीनं सक्तीनं लावायच्या पैजेच्या) तीनशेपट चिप्स आहेत. तुम्ही रेझ केलात, समोरच्यानं वाढवला, तुम्ही पुन्हा वाढवला आणि तोवर चार तास बायबल वाचत बसल्यासारखा बसलेला तो माणूस सगळ्याच्या सगळ्या चिप्स आत ढकलतो. असा माणूस हे फक्त एक्के, राजे किंवा एक्का-राजा असताना करतो असं धरा. एक्क्यांची जोडी सहा प्रकारे जमते, राजांची सहा, एक्का-राजा सोळा. एक्क्यांशी किंवा राजांशी पडलात तर राण्या पाचात एकदाही जिंकत नाहीत, एक्का-राजाशी पडलात तर शंभरात ५६ वेळा. सगळं मिळून साधारण ४० टक्के. टाका. यात टिकून राहायचा काही संबंध नाही. रोख पैशांच्या टेबलावरही हेच उत्तर येतं.

दुसऱ्या कारणावर पोकरवाल्यांकडे चिप्सची बक्षिसातली किंमत काढणारं एक नीट गणित आहे, त्याला ते आयसीएम म्हणतात. त्याचं मूळ १९७३ च्या, घोड्यांच्या शर्यतीत कोण कितवा येईल ते मांडणाऱ्या एका सूत्रात आहे. दहा जणांचं एकच टेबल घ्या. बक्षिसं तिघांना: ५०, ३० आणि २० टक्के. सुरुवातीला प्रत्येकाचा वाटा बरोबर १० टक्के. पहिल्याच डावात तुम्ही एकाला बाहेर काढून चिप्स दुप्पट केल्यात, तर वाटा २० टक्के व्हायला हवा. होतो १८.४. उरलेला दीड टक्का बाकीच्या आठ जणांना बोटही न हलवता मिळतो. म्हणजे सगळं पणाला लावायला तिथे ५० टक्के शक्यता पुरत नाही, ५४.२ लागते. राण्यांविरुद्ध एक्का-राजा वेगवेगळ्या रंगांचे असतील तर राण्यांची बाजू ५७ टक्क्यांच्या आसपास, एकाच रंगाचे असतील तर ५४ च्या किंचित खाली. मजा बघा, समोरचे दोन्ही पत्ते किलवरचे असले तर टाकणं बरोबर आणि एक किलवर, एक चौकट असली तर चूक! आणि ते पत्ते उलटे ठेवलेले.

हे दहा जणांच्या टेबलाचं झालं. शेकडो-हजारो लोकांच्या स्पर्धेत पहिल्या तासाला ही वजावट जवळजवळ नसतेच, कारण बक्षिसं अजून खूप लांब असतात. लास व्हेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत २०२४ मध्ये १०,११२ जण बसले होते. पैसे मिळतात ते साधारण १५ टक्के लोकांना, तेही दोन-तीन दिवस खेळून झाल्यावर. पहिल्या दिवशी पाचव्या ऐवजी पहिल्या तासात बाहेर पडलात तर बक्षिसात फरक काय? दोघांनाही शून्य. टिकून राहण्याला किंमत येते ती बक्षिसांच्या उंबरठ्यावर, पुढचा बाहेर पडणारा रिकाम्या हातानं जाणार असतो तेव्हा. लेखातला सल्ला तिथे सांगितला असता तर मी हे पत्र लिहिलं नसतं.

'मी इतरांपेक्षा चांगला खेळतो, मला पुढे याहून चांगली संधी मिळेल' हे लेखकाचं दुसरं समर्थन. व्हेगासच्या त्या स्पर्धेपुरतं ते थोडंफार मान्य. तिथे बाय-इन (प्रवेश फी) १०,००० डॉलर, सुरुवातीला ६०,००० चिप्स, एकेक लेव्हल दोन-दोन तासांची आणि एकदा बाहेर म्हणजे बाहेर. ५१-४९ ची पैज सोडून देणारा तिथे शहाणाच ठरेल. आमच्याकडे मांडवीवर? लेव्हल वीस-तीस मिनिटांच्या. चांगला डीलर तासाला २५-३० डाव वाटतो, म्हणजे एका लेव्हलला दहा-पंधरा डाव. एक्के, राजे किंवा राण्या, या तिन्हींपैकी कुठलीही जोडी सरासरी ७४ डावांत एकदा येते. म्हणजे अडीच-तीन तासांतून एकदा. नुसत्या एक्क्यांची जोडी हवी असेल तर २२१ डावांत एकदा, तोवर शेवटची फेरीबोट लागलेली असते. सुरुवातीला दोनशे ब्लाइंड हाताशी असतात. काही न खेळता बसून राहिलात तर दोन-अडीच तासांत त्याच चिप्स चाळीस ब्लाइंडच्याही खाली येतात. 'पुढची चांगली संधी' येईपर्यंत तिच्यावर लावायला तुमच्याजवळ उरतं काय? शिवाय आपल्याकडे बहुतेक स्पर्धांत पहिल्या काही लेव्हलपर्यंत पुन्हा बाय-इन भरून बसता येतं. खिशाला परवडतं की नाही, हा वेगळा प्रश्न. त्याचं उत्तर जहाजावर चढायच्या आधी घरात ठरवून यायचं असतं, हातात राण्या बघून नव्हे.

लेखात व्हनेसा सेल्बस्टचं उदाहरण दिलंय, त्याबद्दल तर बोलायलाच हवं. २०१७ ची मुख्य स्पर्धा, पहिलीच लेव्हल. तीन ब्रेसलेट, म्हणजे याच सिरीजमधल्या तीन स्पर्धा, जिंकलेली ही बाई, हातात एक्क्यांची जोडी. टेबलावर सगळ्यांच्या सामायिक पानांत एक एक्का आणि दोन सत्त्या. म्हणजे एक्क्यांचं फुल हाउस, तीन एक्के आणि दोन सत्त्या. फ्रान्सच्या गाएल बाउमाननं सगळ्या चिप्स लावल्या, सेल्बस्टनं विचार करून कॉल दिला, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावल्या, आणि समोर सत्तीची जोडी निघाली. चार सत्त्या! ब्लाइंडच्या तीनशेपट चिप्स घेऊन बसलेली खेळाडू तासाभराच्या आत घरी. लेखक म्हणतात, टाकले असते तर राहिली असती. तसं तर आलीच नसती तरी राहिली असती.

तिच्यासमोर प्रश्न काय होता ते बघा. पत्त्यांच्या कॅटमध्ये एक एक्का आणि दोन सत्त्या उरल्या होत्या. सत्ती-सत्ती एकाच प्रकारे जमते, एक्का-सत्ती दोन प्रकारे. तिला हरवणारा हात तेवढा एकच. प्रश्न इतकाच की बाउमान एक्का-सत्ती घेऊनसुद्धा एवढ्या मोठ्या रकमेला हात घालेल का. बाउमान काही नवखी नव्हती, २०१२ मध्ये याच स्पर्धेत दहावी आलेली. समोर सेल्बस्ट आहे आणि तिनं ताकद दाखवली आहे, हे तिला दिसत होतं. म्हणून त्या डावावर जाणकारांत वाद होऊ शकतो. पण तो वाद समोरचीच्या हाताबद्दलचा आहे. पहिली लेव्हल आहे म्हणून टाकावं, असं त्यात कुठेच येत नाही. तोच डाव चाळीस ब्लाइंडवर झाला असता तर विचार करायलाही कुणी थांबलं नसतं.

फ्लॉपच्या आधी, म्हणजे टेबलावर पानं उघडायच्या आधी, एक्के टाकणारेही मी ऐकलेत. एकास एक असताना ८० टक्क्यांच्या वरची बाजू टाकायची? एक अट सांगते, तिथे मात्र टाकावेत. सॅटेलाइट नावाच्या स्पर्धांत बक्षीस म्हणून मोठ्या स्पर्धेच्या जागा असतात, सगळ्यांना सारख्याच. २००३ चा विजेता ख्रिस मनीमेकर अशाच, शंभर डॉलरांच्या आतल्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून आला आणि ८३९ जणांतून पंचवीस लाख डॉलर घेऊन गेला. समजा, दहा जागा आहेत आणि टेबलांवर अकरा जण उरलेत. एकाजवळ जेमतेम एक ब्लाइंड आहे, तुमच्याजवळ भरपूर. तुमच्याहून जास्त चिप्स असलेला माणूस ऑल-इन गेला आणि तुमच्या हातात एक्के आले, तर बिनधास्त टाका. चिप्स दुप्पट झाल्या तरी जागा एकच मिळणार आणि हरलात तर तीही जाणार. पण हे सगळं शेवटाला. सुरुवातीला नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा केला आणि पैसे लावून खेळायची ऑनलाइन टेबलं बंद झाली. त्यावर शिकलेली पोरं आता जहाजांकडे वळतात. खेळावं की नाही ते त्यांनी आणि त्यांच्या आईबापांनी बघावं. मला विचाराल तर नकोच म्हणेन, समोरून पाहिलंय मी. पण वर्तमानपत्रानं सल्ला द्यायचा तर तो बरोबर असावा.

जाता जाता, त्याच पानावर हातांच्या क्रमाची चौकट आहे. तीत स्ट्रेट (ओळीनं पाच पानं) हा फ्लशच्या (एकाच रंगाची पाच पानं) वर छापलाय. ५२ पत्त्यांतून पाच पानांचे १०,२०० स्ट्रेट होतात आणि फ्लश फक्त ५,१०८, म्हणून फ्लश वरचा. कृपया येत्या रविवारी दुरुस्ती द्यावी.

आपली,
एक माजी डीलर, डिचोली
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)