विषय: सांघिक लढतींचे चुकीचे अंदाज आणि सदस्यत्व शुल्काची परतफेड

व्यवस्थापक,

"तक्रार निकाली काढली आहे," असे सांगून तुमच्या ग्राहक सेवेने आत्ताच फोन ठेवला. ती निकाली निघालेली नाही, म्हणून हे पत्र.

मेजर लीग पिकलबॉल या (टेनिससारख्या खेळाच्या) सांघिक लीगमधील चार गेमच्या एका लढतीसाठी तुमच्या ॲपने पहिल्या संघाला महिला दुहेरीत ७० टक्के, पुरुष दुहेरीत ४५, दोन मिश्र दुहेरीत ६० आणि ४० टक्के संधी दिली. खाली लढत जिंकण्याची शक्यता: ५४ टक्के. हे ५४ कुठून आले? चार आकड्यांची बेरीज भागिले चार. सरासरी! यासाठी तुम्ही 'प्रगत प्रणाली'चे पैसे घेता.

तुमचेच आकडे नीट गुणले की तीन किंवा चार गेम जिंकण्याची शक्यता ३६.४ टक्के येते, एक किंवा शून्याची २५ आणि २-२ची ३८.६. म्हणजे सर्वांत जास्त शक्यता ड्रीमब्रेकरची, म्हणजे २-२ झाल्यावर संघातले चौघे आळीपाळीने एकेरी खेळतात त्या निर्णायक गेमची. तुमच्या एकेरीच्या पानावर याच संघाला ड्रीमब्रेकरमध्ये ३० टक्के आहेत. ३८.६ चे ३० टक्के ११.६, त्यात ३६.४ मिळवा, ४८. विजेताच बदलला.

हे फोनवर सांगितल्यावर मिळालेले उत्तर जसेच्या तसे वाचा: "२-२ म्हणजे बरोबरी, आणि बरोबरीत दोघांना समान संधी असते." ड्रीमब्रेकर एकेरी असतो, तिथे दुहेरीचे कसब पुरत नाही, असे म्हटले. थोडा वेळ संगीत. मग: "आमची प्रणाली दुहेरीवर आधारित आहे." मग एकेरीचे पान कशासाठी? पुन्हा संगीत. मग: "आपण पिकलबॉलचे नियम एकदा वाचून घ्याल का?" मी! तेच वाक्य पुढे ईमेलनेही आले, सोबत सर्व्हिस कशी करावी याची लिंक.

नियमच काढलेत तर ऐका. ड्रीमब्रेकर २१ गुणांचा, प्रत्येक रॅलीला गुण, दर चार गुणांनी खेळाडू बदलतो. निकाल २१-१५ लागला तर ३६ रॅली होतात: पहिल्या क्रमांकाचा खेळाडू १२ खेळतो, बाकीचे तिघे प्रत्येकी ८. त्यामुळे क्रम कसा लावला यानेही शक्यता हलते. तुमच्याकडे क्रमाचा रकानाच नाही.

दुसरी गोष्ट. मुख्य महिला खेळाडू बाहेर बसली की तुम्ही फक्त महिला दुहेरीचा आकडा खाली आणता. तीच खेळाडू एका मिश्र जोडीत असते आणि ड्रीमब्रेकरच्या चौघांतही. तीन ठिकाणी फटका, दुरुस्ती एका ठिकाणी. शिवाय ती फॉर्मात नसेल तर तिचे दोन्ही गेम एकदमच डगमगतात, म्हणून वर केलेला स्वतंत्र गेमचा गुणाकारही ढोबळच आहे. पण निदान गुणाकार आहे, सरासरी नव्हे.

आणि हो, सरासरी! हे पुन्हा लिहितोय कारण फोनवर कोणालाच यात गैर वाटले नाही.

उरलेल्या काळाचे शुल्क परत करा, आपोआप होणारे नूतनीकरण बंद करा आणि ५४ टक्क्यांचा तो अंदाज चुकीचा होता हे ॲपमध्ये लिहा. नाहीतर हाच हिशोब तुमच्या ॲपच्या रिव्ह्यूमध्ये ओळीने मांडतो. तुमचे नाव पाहून लोक विश्वासाने पैसे भरतात, मीही भरले होते. उत्तर लेखी हवे. संगीत नको.

एक सशुल्क सदस्य