घर शेवंडीचं, पण ताबा कोणाचा?

संपादक साहेब, नमस्कार,

शेवंडींच्या (लॉब्स्टरच्या) कृत्रिम घरांवरचा, म्हणजे त्या पकडायला मच्छिमार समुद्राच्या तळाला ठेवतात त्या आडोशांवरचा लेख वाचला, आवडला. पण सगळा भर घर बांधायचं कसं यावरच होता, पाण्यात ठेवलेलं ते घर कोणाचं हे कुठेच आलं नाही, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

घर म्हणजे तरी काय, एक बुटकं टेबल. ओंडक्यांची चौकट, वर सिमेंटचा स्लॅब किंवा पत्रा, खाली जेमतेम वीतभर फट, म्हणजे मोठा मासा आत घुसत नाही. कॅरिबियन समुद्रातल्या काटेरी शेवंडीची पिल्लं आधी कित्येक महिने उघड्या समुद्रात वाहत असतात, मग तळाला येऊन शेवाळात लपतात, आणि जरा वाढली की शेवाळात मावत नाहीत आणि जवळ कपार नसली तर मासे त्यांना फस्त करतात. नेमकं त्या वयात छप्पर मिळालं तर जगतात. शिवाय एक आली की तिच्या वासावर बाकीच्या येतात (आजारी शेवंड आत असली तर धडधाकट शेवंडी तिथून लांब राहतात, हे वाचून मी थक्कच झालो).

आता हेच बघा, ज्या घरात शेवंडी आपणहून गोळा होतात ते घर एका फेरीत रिकामं करणं पण तितकंच सोपं. फ्लोरिडात अशी घरं ठेवायला बंदी असतानाही लोकांनी गुपचूप तळाला टाकली, मर्यादेच्या कितीतरी वर माल काढला, खटले झाले, आणि मग ती घरं पाण्यातून उचलायचं काम मागे लागलं.

याउलट मेक्सिकोतलं पुंता आलेन हे मच्छिमारांचं गाव घ्या. क्यूबातून आलेली ही पद्धत तिथल्या को-ऑपरेटिव्हने उचलली, पण खाडीचे भाग पाडून ते मेंबरांना वाटून दिले, त्याला ते ‘कांपो’ म्हणतात, आपल्या कांपोत आपली घरं, दुसऱ्याच्या हद्दीत हात लावायचा नाही. सिलेंडर न लावता श्वास रोखून बुडी मारतात, जाळीने जिवंत पकडतात, त्यामुळे लहान किंवा अंडी असलेली मादी दिसली तर तिथल्या तिथे सोडून देता येते. 1 मार्च ते 30 जून शेवंड पकडायला बंदी. 2012 मध्ये तिथल्या मासेमारीला मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या, समुद्राला न ओरबाडता केलेल्या मासेमारीला मान्यता देणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट पण मिळालं होतं. स्लॅब दोन्हीकडे सारखाच हो, पण पुंता आलेनचा माणूस आज सोडलेली शेवंड पुढच्या सीझनला आपल्यालाच मिळेल या भरवशावर सोडतो, आणि हा भरवसा नसेल तर कोण कशाला सोडेल?

म्हणून कळकळीची विनंती, लेखाचा पुढचा भाग काढणार असाल तर कांपोची हद्द कशी ठरते, भांडण झालं तर कोण मिटवतं, नवीन मेंबरला जागा कशी मिळते, यावर अर्धं पान तरी द्या.

तुमचा एक नेहमीचा वाचक