वीजबचतीच्या परिपत्रकातून उपकरणांच्या खोल्या वगळा

संपादक महोदय,

संध्याकाळी सहानंतर इमारतीतील सर्व एसी बंद करावेत, असे परिपत्रक मी ज्या महाविद्यालयात अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवले तेथे निघाले होते. वर्गखोल्या आणि कार्यालयापुरते ते रास्तच होते. परंतु त्यात बॅलन्स (अतिसूक्ष्म वजन करणारा तराजू) ठेवलेली बॅलन्स रूम आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरची (द्रावण किती प्रकाश शोषते ते मोजणाऱ्या उपकरणाची) खोलीही ओढली गेली, आणि त्यातून जे नुकसान होते ते विजेच्या बिलात कधीच दिसत नाही.

मुंबईच्या पावसाळ्यात हवा 30 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असेल, तर दवबिंदू, म्हणजे हवेतील बाष्पाचे दव होऊ लागते ते तापमान, 26 अंशांच्या आसपास येतो. दिवसभर 22 अंशांवर गार झालेल्या उपकरणाभोवती एसी बंद होताच ही दमट हवा शिरली, की आरशांवर आणि भिंगांवर दव धरते. असे रोज होत राहिले की काचेवर बुरशीचे जाळे उमटते, ते पुसून जात नाही. सकाळी आल्यावर घाईने एसी 18 वर लावला जातो. त्याचा झोत नेमका बॅलन्सवर येतो आणि चौथ्या दशांश स्थानावरचा आकडा ठरता ठरत नाही. दहा वाजताचे आणि एक वाजताचे वाचन जुळले नाही, तर दोष मात्र विद्यार्थ्याच्या हाताला दिला जातो! यंत्र अभियांत्रिकीतही तेच: 100 मिलिमीटरचा पोलादी गेज ब्लॉक (मापे तपासण्याचा प्रमाण ठोकळा) तापमान एका अंशाने वाढले की सुमारे एक मायक्रॉन वाढतो.

या खोल्यांना कडाक्याच्या थंडीची गरज नसते. तापमान 24 किंवा 25 अंशांवर रात्रंदिवस एकसारखे राहिले तरी बहुतेक कामे नीट होतात. एसीचा सेट पॉइंट (त्यावर लावलेले तापमान) एका अंशाने वाढवल्यास सुमारे 6 टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. म्हणजे 18 चा हट्ट सोडला तर रात्रीच्या खर्चाचा बराच भाग तेथेच भरून निघेल. एसीवरचा आकडाही पुरेसा मानू नये, कारण त्याचा सेन्सर एसीतच असतो. टेबलावर तापमान व आर्द्रता दाखवणारा छोटा मापक ठेवून त्याची रोज नोंद करावी.

रात्रपाळीचा रखवालदार मजल्याचा मेन स्विच पाडतो, तेव्हा एसीबरोबर बॅलन्सचाही पुरवठा जातो आणि बॅलन्स पुन्हा स्थिरावण्यास वेळ लागतो. म्हणून विद्यापीठाने संलग्न महाविद्यालयांना अशा खोल्यांसाठी स्वतंत्र एमसीबी (वीजपुरवठ्याचा सुरक्षा-स्विच) बसवण्याची आणि त्यावर ‘बंद करू नये’ अशी मराठीत पाटी लावण्याची सूचना द्यावी, ही विनंती.

– एक निवृत्त प्राध्यापक, माटुंगा, मुंबई